घसा दुखतो तेव्हा

मागच्या महिन्यात एक आई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मुलीचा गुडघा सुजला होता. दोन दिवसांपूर्वी घोटा दुखत होता, तो बरा झाला आणि दुखणे गुडघ्यात आले. शाळेत कुठेतरी पडली असेल, असा आईचा समज होता. मी विचारले, "अलीकडे हिचा घसा दुखला होता का?" आई जरा थांबली. "हो, तीन आठवडे झाले असतील. तापही होता. डॉक्टरांनी दहा दिवसांचं औषध दिलं होतं. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून बंद केलं. उरलेलं धाकट्याला सर्दी झाली तेव्हा उपयोगी पडलं."

या एका उत्तरात आपल्या घराघरांतल्या दोन चुका आहेत. जिथे औषध पुरते घ्यायचे तिथे अर्धे घेतले, आणि जिथे त्याची गरजच नव्हती तिथे दिले.

आधी धाकट्याच्या सर्दीचे पाहू. सर्दी विषाणूंमुळे होते आणि असे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. म्हणूनच लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे यात काळजीचे काही नाही. नाक वाहणे, शिंका, घशात खवखव, थोडा ताप हे सारे सात ते दहा दिवसांत ओसरते. खोकला मात्र दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक औषधे, जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. शेंबूड पिवळा किंवा हिरवा झाला म्हणजे प्रतिजैविक हवेच, हा समजही चुकीचा आहे. साध्या सर्दीतही तो तसा होतो. गरज नसताना ही औषधे घेत राहिलो, तर जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी औषध चालत नाही.

सर्दीत खरा उपचार घरातच आहे. विश्रांती, भरपूर पाणी, गरम शोरबा किंवा पेज. तापाला आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल, तेही मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत. लहान मुलांना ॲस्पिरिन कधीच देऊ नये. नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, ते घालावेत. नाकात तेल सोडू नये. ते फुप्फुसात उतरू शकते. एक वर्षावरील मुलाला रात्रीच्या खोकल्यासाठी चमचाभर मध चालतो, त्याहून लहान बाळाला मध अजिबात देऊ नये. गुळण्या मोठ्या मुलांनीच कराव्यात. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर लहान मुलाला वाफ देणे टाळावे. त्यात भाजल्याची मुले आम्ही पाहतो. आणि सर्दीचे मिश्र औषध मनाने आणू नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनायलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचे आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी 2023 मध्ये दिले आहेत.

आता मोठ्या मुलीच्या घशाकडे वळू. घसा दुखण्याची बहुतेक कारणेही विषाणूंचीच असतात. पण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत काही वेळा स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू घशात शिरतो. घसा एकाएकी दुखू लागतो, गिळताना कळ येते, ताप चढतो, टॉन्सिल लाल होऊन त्यावर पांढरे ठिपके दिसतात, जबड्याखालच्या गाठी सुजून दुखतात. सर्दी आणि खोकला मात्र बहुधा नसतो. नाक वाहत असेल, आवाज बसला असेल, तर विषाणूची शक्यता अधिक. खात्री करायची असेल तर घशातील स्राव तपासता येतो.

हा जिवाणू असेल तर पेनिसिलिन गटातले औषध सहसा दहा दिवस घ्यावे लागते. घसा दोन-तीन दिवसांतच थांबतो, पण जिवाणू लपून राहतात. त्यांच्याशी झुंजताना शरीराची प्रतिकारशक्ती काही मुलांत चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. यालाच संधिवाती ताप म्हणतात. तो घसा दुखल्यावर दोन-तीन आठवड्यांनी येतो. सांधे बरे होतात, झडपा मात्र कायमच्या बिघडू शकतात. कित्येक मुलींना याचा पत्ता पुढे बाळंतपणात धाप लागते तेव्हा लागतो. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले आणि ते पूर्ण घेतले, तर हा धोका बहुतांशी टळतो. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. त्याला पर्याय आहेत.

पुढील लक्षणे दिसली तर वाट पाहू नका: मूल पाणी पिईना, लाळ गिळता येईना, तोंड उघडेना, श्वास घेताना घरघर आवाज येतो, छाती आत ओढली जाते, किंवा घशात राखाडी पापुद्रा दिसतो. श्वास मोजायलाही शिका. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाकडे पाहा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलात 40 किंवा अधिक श्वास म्हणजे तातडीने डॉक्टर. राखाडी पापुद्रा घटसर्पाचा असू शकतो. त्याची लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. पाच आणि सोळा वर्षांच्या वेळचे डोसही चुकवू नयेत.

प्रतिबंध साधाच आहे. वुजूमुळे हात, तोंड, नाक दिवसातून अनेकदा धुतले जाते, ही सवय उत्तमच. त्याला साबणाची जोड द्या. बाहेरून आल्यावर, शिंकल्यावर आणि जेवणापूर्वी हात वीस सेकंद चोळा. एकाच टॉवेलला सगळ्यांनी तोंड पुसू नये. खोकताना तोंडावर कोपराची बाजू धरावी. विडीचा, चुलीचा, लोबानचा धूर मुलांच्या खोलीत नको.

त्या मुलीच्या हृदयाची सोनोग्राफी केली. एका झडपेतून थोडी गळती आहे. आता दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन, आणि तेही अनेक वर्षे. आई नेमाने तिला आणते. निघताना तिने एवढेच विचारले, "तेव्हा अजून सात दिवस दिलं असतं तर?" आज आपल्या कपाटात अर्धी राहिलेली एखादी बाटली असेल, तर ती पुढच्या आजारासाठी ठेवू नका. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला कोर्स चालू असेल, तर तो शेवटच्या गोळीपर्यंत पूर्ण करा.