विश्लेषण : पुगाचे गरम झरे पाहताना गाडी रस्त्यावरच का ठेवावी?

लेहहून त्सो मोरीरी सरोवराकडे निघालेल्या अनेक गाड्या वाटेत पुगा खोऱ्यात थांबतात. सुमारे ४,४०० मीटर उंचीवर, उजाड डोंगरांमधल्या सपाट जमिनीतून वाफ निघताना दिसते. वज्रेश्वरी किंवा गणेशपुरीच्या कुंडात अंघोळ केलेल्या मराठी पर्यटकाला इथेही पाण्यात उतरावेसे वाटणे साहजिक आहे. पण पुगा हे पशुपालकांचे कुरण आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते.

पाणी इतके गरम कसे?

भारतीय आणि युरेशियन भूपट्ट जिथे एकमेकांना भिडले, त्या पट्ट्यात पुगा येते. बर्फ वितळून झालेले पाणी भेगांमधून खोल झिरपते, तिथल्या उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. काही झऱ्यांचे तापमान ८४ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळते. पुगाच्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने ते ८५ अंशांच्या आसपासच उकळते. म्हणजे काही ठिकाणचे पाणी जवळपास उकळते असते. हात घालून पाहण्याची हौस महागात पडू शकते.

हे पाणी ‘औषधी’ आहे का?

वर येताना पाणी खडकांमधले बोरॉन, गंधक, सिलिका विरघळवून आणते. पाणी वाळले की टाकणखाराचा पांढरा थर आणि गंधकाचे पिवळे डाग मागे राहतात. पिण्याच्या पाण्यात चालते त्याच्या कितीतरी पट बोरॉन यात असते. त्यामुळे ‘खनिजयुक्त’ म्हणजे ‘गुणकारी’ असे समजून बाटल्या भरून नेणे चुकीचे. विरळ हवेत गरम पाण्यात बसल्याने रक्तदाब उतरून चक्करही येऊ शकते.

गाडी आत नेली तर काय बिघडते?

लेहमध्ये वर्षाला पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडते. चांगथांगचे पठारही असेच कोरडे. इथे गवत उगवते ते ओढ्याकाठच्या ओल्या जमिनीत. चांगपा पशुपालकांच्या पश्मिना शेळ्या, मेंढ्या आणि याक याच पट्ट्यांवर जगतात. लडाखचा राज्यपक्षी असलेला काळ्या मानेचा क्रौंचही अशाच पाणथळीत घरटे करतो. फोटोसाठी एक गाडी त्या ओलीत उतरली की चाकोरी पडते, तिच्यामागून दुसरी जाते आणि गवत दबते. गवत वाढण्याचा हंगाम मोजक्या महिन्यांचा, पर्यटकांचाही तोच.

मग फक्त पर्यटकच दोषी का?

नाही. येथे भू-औष्णिक वीज निर्माण करण्यासाठी २०२१ मध्ये ओएनजीसी, लडाख प्रशासन आणि लेहची स्वायत्त पर्वतीय विकास परिषद यांच्यात करार झाला. पहिल्या टप्प्यात एक मेगावॉटचे उद्दिष्ट होते. २०२२ मध्ये खोदाई सुरू असताना जमिनीतले गरम द्रव ओढ्यात गेल्याने चिंता व्यक्त झाली. डिझेल जाळण्यापेक्षा अशी वीज बरी, हे खरेच. पण प्रकल्प असो वा पर्यटन, कसोटी एकच हवी: ओढा आणि गवत शाबूत राहते का?

करायचे काय?

पुगाला जाऊच नये, असे कुणी म्हणणार नाही. प्रशासनाने वाहनतळाची जागा ठरवावी, झऱ्यांपर्यंत आखलेली पायवाट करावी आणि कुरणाबाबतचे नियम चांगपांना विचारून ठरवावेत. तोवर सहल नेणाऱ्या कंपन्यांनी ‘गाडी रस्त्यावर, पाहणे पायी’ एवढी अट घातली तरी पुष्कळ आहे. पर्यटक तासाभरात पुढे जातो. शेळ्यांना मात्र दुसऱ्या दिवशीही त्याच गवतावर चरायचे असते.