दुसरी सही

2020 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने पाच दिवसांचा आठवडा जाहीर केला, तेव्हा सोबत एक गणितही मांडलं होतं. आधी वर्षात कामाचे दिवस 288 आणि रोजचे तास सव्वासात, गुणाकार 2088. नव्या व्यवस्थेत दिवस 264, पण रोजचे तास आठ, गुणाकार 2112. म्हणजे सगळे शनिवार घरी राहूनही प्रत्येक कर्मचारी वर्षाला 24 तास जास्त काम करणार होता. कार्यालय पावणेदहाला सुरू, सव्वासहाला बंद, मध्ये एक ते दोनच्या दरम्यान फार तर अर्धा तास जेवण. गुणाकारात काही चूक नाही. वाढलेले 24 तास कुठे गेले, हे शुक्रवारी दुपारी चारनंतर तहसील कार्यालयात गेलेल्या माणसाला विचारावं.

सरकारी कर्मचारी जागेवर नसतो, यात बातमी काही नाही. मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं: जागेवर नसलेला माणूस कागदावर हजर कसा असतो? कारण हे काही चोरून होत नाही. ‘साहेब फिल्डवर आहेत’, ‘व्हीसीला बसलेत’, ‘जिल्ह्याला मीटिंग आहे’ यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं, आणि पुष्कळदा असतंही. एका तलाठ्याकडे दोन-दोन सजांचा कार्यभार असेल तर तो एका गावात गैरहजर असणारच. म्हणून तर कार्यालयात हालचाल नोंदवही ठेवलेली असते. कोण, किती वाजता, कशासाठी, कुठे गेला आणि केव्हा परतला, हे तिच्यात लिहायचं. फिरतीवरच्या माणसाने दैनंदिनी लिहायची, वरिष्ठाने ती तपासून सही करायची. न केलेल्या कामाचे तास पगारापर्यंत पोचायचे, तर त्यांना दोन सह्या लागतात. एक कर्मचाऱ्याची आणि दुसरी साहेबांची. आपला सगळा राग पहिल्या सहीवर निघतो. दुसरीचं नाव कोणी काढत नाही.

गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी 2022 च्या पावसाळी अधिवेशनात शिक्षक आणि ग्रामसेवकांवर तोफ डागली होती. हे लोक मुख्यालयी राहत नाहीत, शहरातून अपडाउन करतात आणि राहत असल्याचं दाखवून घरभाडे भत्ता उचलतात, असा आरोप होता. शिक्षक संघटना खवळल्या, मराठवाड्यात मोर्चे निघाले. दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोललं गेलं, पण ज्या कागदावरून हे सगळं घडलं त्याच्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. ग्रामविकास विभागाच्या 2019 च्या शासन निर्णयानुसार, कर्मचारी मुख्यालयी राहतो याचा दाखला म्हणून ग्रामसभेचा ठराव लागतो. आता वाडी-वस्तीवर, कुठल्या आडबाजूच्या गावात, भाड्याने मिळेल अशी खोली नाही हे गटशिक्षणाधिकाऱ्याला ठाऊक असतं, आमदाराला असतं, सरपंचाला तर असतंच. तरीही ठराव होतात. एवढ्या लोकांना माहीत असलेलं खोटं एकट्या गुरुजींच्या माथी मारणं सोयीचं आहे, इतकंच.

यात माझं मत सरळ आहे. मास्तर तालुक्याच्या गावी राहतात की शाळेशेजारी, याच्याशी मला कर्तव्य नाही. घंटा व्हायच्या आत ते वर्गात आहेत का आणि तिथे शिकवतात का, एवढंच मी विचारेन. प्राथमिक आरोग्य केंद्राची गोष्ट वेगळी. बाळंतपण कार्यालयीन वेळ पाहून येत नाही, साप तर नाहीच नाही. तिथे डॉक्टर आणि नर्स रात्री गावात असणं हाच नोकरीचा अर्धा भाग आहे. सगळ्यांना एकच अट लावली की ती कोणाच्याच बाबतीत गांभीर्याने पाळली जात नाही. जिथे गरज नाही तिथे खोटा दाखला द्यायची सवय लागते, आणि जिथे गरज आहे तिथेही मग तोच दाखला चालतो.

या चर्चेत आकडे फार कमी येतात, आणि जे आहेत ते कोणालाच पूर्ण सोयीचे नाहीत. 2002-03 मध्ये देशभरातल्या सुमारे 3,700 शाळांना पूर्वसूचना न देता भेटी दिल्या गेल्या. मायकेल क्रेमर, कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो अभ्यास. सरकारी प्राथमिक शाळांतले 25 टक्के शिक्षक गैरहजर आढळले. झारखंडमध्ये ते प्रमाण जवळपास 42 टक्के होतं, आणि महाराष्ट्रात 14.6, पाहणी झालेल्या राज्यांत सर्वांत कमी. आपल्या शिक्षकांना उठताबसता बोलणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आणि संघटनांनी हे लक्षात ठेवावं, की सातातला एक शिक्षक नसणं हा देशातला सर्वोत्तम निकाल होता. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या दृष्टीने ती जास्त बोलकी आहे. मुख्याध्यापक साध्या शिक्षकांपेक्षा जास्त गैरहजर होते. म्हणजे ज्याने हजेरी तपासायची, तोच जागेवर नव्हता.

या दुखण्यावर आपल्याकडे ठरलेलं औषध म्हणजे यंत्र. आधी मस्टर, मग थंब, आता चेहरा. ते औषध किती दिवस लागू पडतं, याचा धडा राजस्थानातल्या उदयपूरने कधीच देऊन ठेवला आहे. 2006 च्या सुमारास सेवा मंदिर ही संस्था आणि जिल्ह्याचं आरोग्य प्रशासन यांनी मिळून उपकेंद्रांतल्या नर्सबाईंच्या हजेरीसाठी तारीख-वेळ उमटवणारी यंत्रं दिली. ठरलेल्या दिवशी दिवसातून तीनदा ठसा उमटवायचा. त्यातल्या निम्म्याहून जास्त दिवस गैरहजर राहिलं तर पगार कापायचा. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि रेचेल ग्लेनर्स्टर यांनी त्याचा अभ्यास केला. पहिल्या सहा महिन्यांत हजेरी जवळपास दुप्पट झाली. गावकरी खूश, संस्था खूश. सोळा महिन्यांनी पाहिलं, तर यंत्र असलेली आणि नसलेली उपकेंद्रं यांच्यात काडीचा फरक उरला नव्हता.

आता कोणालाही वाटेल की बायकांनी यंत्राला चकवलं असणार. यंत्रं बिघडल्याच्या तक्रारी वाढल्या, हे खरं. पण खेळ संपला तो दुसरीकडेच. रजिस्टरमध्ये गैरहजेरी वाढलीच नाही. वाढले ते ‘सूट’ दिलेले दिवस. अमक्या दिवशी बैठक होती, तमक्या दिवशी सर्वेक्षण होतं, म्हणून उपकेंद्रात नसणं माफ. ही सूट नर्सबाई स्वतःला देऊ शकत नव्हत्या. ती देत होतं आरोग्य खातं, म्हणजे ही योजना राबवायला निघालेलं प्रशासनच. यंत्राने पकडलेली प्रत्येक गैरहजेरी वरच्या कार्यालयात रीतसर, सहीनिशी, कामावरची हजेरी होऊन परत येत होती. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना, क्रेमर यांच्यासह, 2019 मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा आपल्याकडे कौतुकाचे रकानेच्या रकाने भरले. उदयपूरची ही फसलेली गोष्ट त्यात क्वचितच आली. फसलेल्या प्रयोगातून जास्त शिकता येतं, पण त्याचा सत्कार कोण करणार?

2025 मध्ये आपल्या महसूल खात्यानेही हजेरीसाठी चेहरा ओळखणारं अॅप आणलं. ग्राम महसूल अधिकाऱ्याने (तलाठ्याचं हे नवं नाव, नाव बदललं, सजा तीच) नेमणुकीच्या गावात जाऊन मोबाइलसमोर चेहरा धरायचा. मला हे वाईट वाटत नाही. पण चेहरा सकाळी दहाला गावात होता, एवढंच त्याने कळतं. अकराला तो फेरफारावर बसला होता की तालुक्याच्या रस्त्याला लागला होता, हे अॅप सांगत नाही, आणि सांगायला लागलं तरी ‘शासकीय कामानिमित्त’ ही सूट मोबाइलवरूनही देता येते.

रोजगार हमीवरच्या मजुरांना हे सगळं आधीच भोगावं लागलं. 2023 च्या जानेवारीपासून त्यांचे दिवसातून दोनदा, जागेच्या खुणेसह फोटो सक्तीचे झाले. रेंज नाही, फोटो चढला नाही, तर राबलेल्या बाईचा खाडा. आणि 2025 च्या जुलैत केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच पत्र काढावं लागलं, की मजुरांऐवजी फोटोचेच फोटो काढून चढवले जात आहेत, कामाशी संबंध नसलेली चित्रं टाकली जात आहेत. हे फोटो त्या बायका काढत नाहीत. ते काढणारा वेगळा, तपासणारा वेगळा, आणि मंजूर करणारा त्याहून वरचा. दंड मात्र खाली, फावड्याच्या दांड्याशी येऊन थांबतो.

म्हणून नव्या यंत्राआधी मला एक साधा कागद हवा आहे. प्रत्येक कार्यालयाने दर महिन्याला बाहेर एक यादी लावावी: कोणत्या कर्मचाऱ्याचे किती दिवस ‘इतरत्र कर्तव्यावर’ म्हणून धरले, काय कामासाठी, आणि कोणाच्या मंजुरीने. मंजूर करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि हुद्दा. बैठक खरी असेल तर त्याला घाबरायचं कारण नाही. उलट जो खरोखर दोन सजांत पायपीट करतो, त्याची बाजू पहिल्यांदा कागदावर येईल. एका कर्मचाऱ्याचे महिन्यात बारा दिवस बैठकांत गेले असं दिसलं, तर एवढ्या बैठका लावल्या कोणी, असंही विचारता येईल. आणि ते उत्तर द्यायला कर्मचाऱ्याला नाही, साहेबांना पुढे यावं लागेल.

अशी यादी कोणी आपणहून लावेल असं मला वाटत नाही. पण तोवर हात बांधून बसायचंही कारण नाही. माहिती अधिकारात कागद मागता येतो तसा पाहताही येतो. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने 26 नोव्हेंबर 2018 च्या परिपत्रकाने जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यासाठी त्याची वेळही ठरवून दिली आहे: दर सोमवारी दुपारी तीन ते पाच. तिथे जाऊन मागायची ती हालचाल नोंदवही. सोमवारी सुट्टी असेल तर त्यानंतरच्या कामाच्या दिवशी.