एका रेघेची दुरुस्ती

श्रावण सरत आला की पेणमधल्या गणपतीच्या कारखान्यांत रात्रभर दिवे मालवत नाहीत. २०२५ साली गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. तिच्या आठ-दहा दिवस आधी एका रात्री मी भाच्याच्या कारखान्यात जाऊन बसलो होतो. रंगाचा वास, वर गरगरणारे पंखे, फळ्यांवर दाटीवाटीने उभ्या मूर्ती; काहींचे डोळे आखलेले, काहींचे अजून कोरे. आणि कोपऱ्यातल्या स्पीकरमधून आरती नाही, भजन नाही, तर ‘डीप पर्पल’ नावाच्या इंग्रज बँडची गिटार कडाडत होती.

भाचा आणि त्याचा रोह्याचा मित्र यांच्यात जोरदार भांडण जुंपले होते. हा मित्र धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि सुट्टी मिळाली की दिव्याच्या गाडीने पेणला उतरतो. दोघांनीही चाळिशी गाठलेली, दोघांचीही मुले शाळेत जाणारी. भांडण पैशाचे नव्हते, राजकारणाचेही नव्हते. त्रेपन्न वर्षांपूर्वी जपानमध्ये झालेल्या मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेत ड्रम किती मोठे ऐकू यावेत, यावरून ते चालले होते.

मला आधी हसू आले. मग ऐकता ऐकता ध्यानात आले की, हे दोघे ज्यावर भांडताहेत त्याच प्रश्नाशी मी बँकेत उभा जन्म काढला. घडलेल्या गोष्टीची नोंद कशी ठेवावी, आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाला?

प्रसंग असा. १५, १६ आणि १७ ऑगस्ट १९७२ या तीन रात्री ‘डीप पर्पल’ने ओसाका आणि टोकियोमध्ये कार्यक्रम केले. (आपल्याकडे त्या १५ ऑगस्टला स्वातंत्र्याची पंचविशी साजरी होत होती आणि महाराष्ट्रावर दुष्काळाचे सावट होते.) त्या तीन रात्रींमधून निवडलेल्या सात गाण्यांची ‘मेड इन जपान’ ही दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका त्याच वर्षाच्या अखेरीस निघाली. त्यातले एक गाणे चौथी बाजू जवळजवळ पूर्ण व्यापते, वीस मिनिटे! प्रत्यक्ष मैफलीची ध्वनिमुद्रिका कशी असावी याचा दाखला म्हणून हार्ड रॉकचे शौकीन आजही तिच्याकडे बोट दाखवतात. २०२५च्या ऑगस्टमध्ये तिची नवी आवृत्ती आली. स्टीव्हन विल्सन या नामांकित ध्वनिमिश्रणकाराने जुन्या मूळ टेपांवरून सर्व वाद्यांचा तोल नव्याने बसवला होता. भाचा म्हणत होता, आता कुठे प्रत्येक वाद्य नीट ऐकू येते. मित्र म्हणत होता, १९७२ साली ज्यांनी तोल बसवला ते त्याच बँडचे लोक होते, त्यांचा शब्द अखेरचा.

“मामा, तुम्हीच सांगा,” भाचा म्हणाला, “साच्यातून निघाली तशी मूर्ती कोणी घरी नेतं का? सांधा घासावा लागतो, खळगा भरावा लागतो, मग रंग.”

“आणि आमच्याकडे रीडिंग आलं ते आलं,” मित्र म्हणाला. “आवडलं नाही म्हणून बदललं, तर दुसऱ्या दिवशी घरी बसावं लागेल.”

दोघेही आपापल्या धंद्याच्या जागी बरोबर होते. मला वाटते, गोंधळ होतो तो ‘दुरुस्ती’ या एकाच शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्यामुळे.

पहिली गोष्ट निवड. ‘मेड इन जपान’ ही एका रात्रीची मैफल नाहीच. सातांपैकी चार गाणी ओसाकाच्या दुसऱ्या रात्रीची, एक पहिल्या रात्रीचे आणि दोन टोकियोची. ऐकणाऱ्याला मात्र एकच रात्र ऐकल्याचा भास होतो. ही फसवणूक आहे का? मला नाही वाटत. जे वाजले तेच दिले आहे, फक्त चांगले ते वेचून घेतले. बँक वार्षिक अहवाल काढते तेव्हा रोजकीर्द छापत नाही. पण रोजकीर्द कपाटात असावी लागते, आणि येथे ती होती. १९९३ साली त्या तिन्ही रात्रींचा बराच मोठा भाग स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला आणि शौकिनांनी तो मूळ ध्वनिमुद्रिकेशी ताडून पाहिला.

दुसरी गोष्ट तोल. कोणाचा आवाज वर, कोणाचा खाली. ही वरवर साधी वाटते, पण सर्वांत जास्त भांडणे हिच्यावरून होतात. ‘ब्लॅक सॅबथ’ हा बँड १९८२ साली ‘लाइव्ह इव्हिल’ या मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेचे मिश्रण करत होता. गायक रॉनी जेम्स डिओ आणि ड्रमवादक विनी अपीसी इतरांच्या पाठीमागे स्टुडिओत जाऊन आपापला आवाज वाढवतात, असा आरोप झाला. डिओ यांनी तो नाकारला. अखेर दोघेही बाहेर पडले. भजनी मंडळात पेटीवाला आणि पखवाजवाला माइक कोणापुढे यावरून रुसतात तसेच हे, पण येथे अख्खा बँड फुटला.

तिसरी गोष्ट भर. म्हणजे मैफलीत जे वाजलेच नाही किंवा चुकीचे वाजले, ते नंतर बंद खोलीत पुन्हा वाजवून टेपवर चढवणे, आणि वर टाळ्या तशाच ठेवणे. आयर्लंडच्या ‘थिन लिझी’ची ‘लाइव्ह अँड डेंजरस’ ही १९७८ची ध्वनिमुद्रिका या वादाचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तिचे निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी यांनी नंतर सांगितले की, सुमारे पाऊण भाग स्टुडिओत पुन्हा केलेला आहे. बँडमधले म्हणाले, नेमके उलटे, पाऊण भाग अस्सल. मुख्य गायक फिल लायनट १९८६ साली वारले, वाद मात्र चालूच राहिला. अखेर २०२३ साली त्या काळातल्या मूळ मैफली आठ सीडींच्या संचात प्रसिद्ध झाल्या आणि ज्याला हवे त्याने आपल्या कानांनी तपासावे, अशी सोय झाली. पंचेचाळीस वर्षांनी का होईना, दप्तर उघडले.

तर, निवड चालेल, तोल चालेल, भर मात्र सांगून हवी. एवढा निकाल देऊन मी उठणार होतो. पण भाच्याने मोबाइलमध्ये दुसरेच काही लावले आणि मला बसवले.

१ फेब्रुवारी २००८ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर ‘आयर्न मेडन’चा कार्यक्रम झाला. त्यांच्या जगभरच्या दौऱ्याची ती पहिली रात्र होती. पुढे २००९ साली ‘फ्लाइट ६६६’ हा चित्रपट आणि त्याच नावाची ध्वनिमुद्रिका निघाली, निरनिराळ्या शहरांतल्या रात्रींमधून गाणी वेचून केलेली. तिचे पहिलेच गाणे मुंबईचे आहे. पेण-रोह्याची ही जोडी त्या रात्री मैदानात होती. तेव्हा दोघे विशीत होते. परतीला गाडी नव्हती, म्हणून पनवेल स्थानकावर रात्र काढली होती. “इथे, हा बघा,” भाचा म्हणाला, “हा ओरडा आमचा.” हजारोंच्या गर्जनेत त्याचा आवाज वेगळा कसा निघणार? पण मित्राने या एका मुद्द्यावर त्याला विरोध केला नाही.

तेव्हा कळले की, मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेवर शौकीन इतके हमरीतुमरीवर का येतात. स्टुडिओतले गाणे कलावंताचे असते. मैफलीच्या मुद्रणात ऐकणाराही साक्षीदार म्हणून हजर असतो. तिथे फेरफार केला की त्याच्या साक्षीत फेरफार होतो.

आपल्याला हे नवे नाही. लता मंगेशकरांच्या १९७४ सालच्या लंडनमधील रॉयल अल्बर्ट हॉलच्या कार्यक्रमाच्या तबकड्या ज्या घरांत वाजल्या, तिथे गाण्यांइतक्याच टाळ्याही लक्षात राहिल्या आहेत. शास्त्रीय संगीताचे जुने रसिक तर खाजगी मैफलींच्या कॅसेट सोन्यासारख्या जपत. तीन मिनिटांच्या तबकडीतला बुवा खरा नव्हे, मैफलीतला खरा, असे ते छातीठोकपणे सांगत. मागे कोणी खोकतो, कोणी ‘क्या बात है’ म्हणतो, मध्येच कपबशी वाजते. त्यासकट ती कॅसेट त्यांना हवी असे.

आता काळ पालटला आहे. १७ मे २०२५ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ‘गन्स अँड रोझेस’चा कार्यक्रम झाला तेव्हा हजारो हात मोबाइल धरून वर होते. म्हणजे प्रत्येक प्रेक्षकाकडे स्वतःची वही आहे. बँडला काही लपवायचे म्हटले तरी जमणार नाही. पण त्याच वेळी दुसऱ्या बाजूने यंत्र असे शहाणे झाले आहे की, जे घडले नाही तेही ते घडल्यासारखे ऐकवू शकते. जॉन लेनन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस घरच्या कॅसेटवर मुद्रित केलेला आवाज पियानोपासून वेगळा काढून ‘बीटल्स’चे ‘नाऊ अँड देन’ हे गाणे नोव्हेंबर २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. ते कसे केले हे मात्र त्यांनी जगाला उघडपणे सांगितले.

आणि ही विद्या आता पेणलाही आली आहे. ते मला स्वतःच्या घरात कळले.

माझे वडील भजन म्हणत. १९८७ सालच्या आषाढी एकादशीला आमच्या आळीतल्या देवळात झालेल्या भजनाची एक कॅसेट आमच्याकडे आहे. कौलांवर पाऊस, मध्ये वीज गेल्यावर झालेला गलका, कोणाचे तरी ‘चहा ठेवा रे’. एका अभंगात वरच्या सुराला वडिलांचा आवाज फुटतो आणि ते थांबतात. पखवाज एकटा पुढे जातो. भाच्याने ती कॅसेट संगणकावर घेऊन साफ केली. पाऊस गेला, खरखर गेली, आणि जिथे आजोबा अडखळले होते तिथे त्याने त्यांचीच आधीची, सुरेल म्हटलेली ओळ आणून बसवली. वडिलांच्या वर्षश्राद्धाला ती लावली तेव्हा सगळे गहिवरले. मीसुद्धा.

फक्त माझी आत्या, वय वर्षे अठ्ठ्याऐंशी, इकडेतिकडे पाहत म्हणाली, “वहिनी कुठे गेली?”

कोणालाच कळेना. मग मी मूळ कॅसेट शोधून लावली. वडील थांबतात, पखवाज दोन आवर्तने एकटा चालतो, आणि बायकांच्या बाजूने एक बारीक आवाज ती ओळ उचलून धरतो. सात-आठ सेकंद. मग वडील पुन्हा सुरू होतात. तो आवाज माझ्या आईचा. ती चारचौघांत कधी गायली नाही, तिचे दुसरे कोणतेही मुद्रण आमच्याकडे नाही. माझ्या ते इतक्या वर्षांत ध्यानात आले नव्हते. आत्या त्या रात्री आईच्या शेजारी बसली होती.

भाच्याचा हेतू वाईट नव्हता. त्याने सांधा घासला, खळगा भरला. पण तो खळगा नव्हता.

बँकेत नवीन मुलगा रुजू झाला की आम्ही त्याला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवत असू. आकडा चुकला तर रबर नाही, पांढरी शाई नाही, गिरवणे नाही. एका रेघेने खोडायचे, खालचे वाचता येईल असे. वर बरोबर आकडा, शेजारी सही. चूक होणे हा गुन्हा नव्हता. ती पुसणे हा होता. कारण उद्या कोणाला कळावे लागते की येथे काय होते, ते कोणी बदलले आणि कधी.

ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांकडून मला एवढेच हवे आहे. नवा तोल जरूर बसवा, पण जुनी आवृत्ती बाजारातून उठवू नका. काही भर घातली असेल तर वेष्टनावर तसे छापा. आणि हे कंपन्यांपुरते नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरात लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या कॅसेट पडून आहेत, आणि त्या साफ करून देणारे यंत्र आता घरातल्या पोराच्या खिशात आहे. साफ अवश्य करा. पण मूळ कॅसेट भंगारात देण्याआधी ती घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला एकदा ऐकवा.

आमच्या कॅसेटच्या आता दोन प्रती आहेत. साफ केलेल्या प्रतीवर भाच्याने काय काढले आणि काय घातले ते स्वतःच्या अक्षरात लिहून खाली सही केली आहे. आत्या मात्र तिच्याकडे दुसरीच प्रत मागून घेऊन गेली. पावसाची.