सगळं कसं आपोआप!

मराठी भाषेतला सर्वांत खोटारडा शब्द कोणता, असं कुणी मला विचारलं तर मी 'आपोआप' असं सांगेन. 'लवकरच', 'बघू या' आणि 'एकदा या ना निवांत घरी' ही मंडळीही शर्यतीत आहेत; पण ती खोटी आहेत हे निदान बोलणाऱ्याला ठाऊक असतं. 'आपोआप'चं तसं नाही. तो म्हणणारा अगदी मनापासून म्हणतो. आणि तो बहुधा पुण्याहून आलेला असतो.

आमची पिंपळी बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीला जाते ती आमच्याच गावावरून. वारकऱ्यांचं एक बरं असतं, त्यांना विठ्ठल सोडून कशाचंच नवल नसतं. उरलेलं वर्षभर येणाऱ्या पाहुण्यांना मात्र सगळ्याचंच असतं. बारामती तालुक्यात कृषी पर्यटन रुजलं, २०२० मध्ये सरकारनं त्याचं धोरणही काढलं. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे पडतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं भांडण त्या एका शब्दाशी आहे. पाहुणा बाजेवर पाय पसरतो, ताकाचा पेला रिकामा करतो आणि उसासा टाकतो, "तुमचं बरं आहे हो! भाजी आपोआप उगवते, जनावरं आपोआप जगतात, बायका बसल्या बसल्या गोधड्या शिवतात!"

आधी सशांचं घेऊ. शहरात कुणा बंड्याच्या वाढदिवसाला पांढऱ्या सशांची जोडी येते. मादीचे दिवस तीस-एकतीसच असतात, हे बंड्याच्या वडिलांना दुकानदारानं सांगितलेलं नसतं. चौथ्या महिन्यात बाल्कनीत सशांची चाळ उभी राहते, वास सोसायटीच्या मीटिंगपर्यंत पोचतो आणि मग सगळ्यांना एकदम खेड्याची आठवण होते. खोक्याला भोकं पाडून ससे मोटारीत घातले जातात. "गावाकडे मोकळे सोडू. भरपूर गवत आहे. राहतील आपोआप!"

अहो, आमच्या उसातला ससा वेगळा आणि तुमचा बाल्कनीतला वेगळा. उसातला बिळं करत बसत नाही. त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन, डोळे उघडून जन्माला येतात. जन्मतःच पळण्याच्या तयारीत. शिवाय १९७२ च्या कायद्याचं त्याला संरक्षण आहे. तुमचा पांढरा हा मूळ युरोपातल्या सशाचा वंशज. त्याची पिल्लं उघडी आणि आंधळी. पारा तिशीच्या वर गेला की हा धापा टाकतो आणि आमचा मे महिना चाळिशी ओलांडतो. तांबूस-काळ्या ढेकळांत तो घारीला ट्यूबलाइटसारखा दिसतो. घार चुकली तर कुत्रं, कुत्रं चुकलं तर मुंगूस. मुक्तीचा सोहळा बहुधा दिवे लागायच्या आत आटोपतो. बंड्याला मात्र सांगितलं जातं, ससा शेतात मजेत आहे.

बरं, तो जगवायचाच म्हटला तर त्याला सावली हवी, जाळीचा खुराडा हवा आणि दिवसभर चघळायला गवत हवं. कारण त्याचे दात जन्मभर वाढतच असतात. चित्रातलं गाजर ही नुसती चैन. म्हणजे रोज सकाळी कुणीतरी लसूणघास कापायला हवा. हा 'कुणीतरी' कोण? 'आपोआप' या शब्दाचा पडदा जरा बाजूला करून बघा, मागे बहुतेक वेळा एक बाई विळा घेऊन उभी असते.

परसबागेतही तीच. आमच्याकडे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. १९२८ चं भाटघर धरण आहे, नीरा डावा कालवाही आहे. पण त्याचं पाणी पाळीपाळीनं येतं आणि उसाची तहान भागवतं. परसातल्या चार वांग्यांना पाणीपट्टीचा अर्ज भरता येत नाही. त्यांना मिळतं ते भांड्याचं पाणी. बादली-बादलीनं. अळू मोरीच्या तोंडाशी, दोडका गोठ्याच्या छपरावर, माव्यावर चुलीतली राख, पुढच्या वर्षाचं बी पुरचुंडीत बांधून कोनाड्यात. एवढा कारभार तुम्ही कचेरीत केलात तर त्याला 'व्यवस्थापन' म्हणतात. इथे त्याला 'आपोआप' म्हणतात. आणि पाहुणा "दोनच घेतो हं" म्हणत पिशवीभर वांगी घेऊन जातो. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर पाच रुपयांची घासाघीस करणारा हाच, हे सांगायला नकोच.

पण माझं खरं डोकं फिरतं ते गोधडीवर. मध्यंतरी एका पाहुणीनं आमच्या शेजारच्या मावशींना गोधडीची किंमत विचारली. मावशी दबकतच "पंधराशे" म्हणाल्या. "बाई गं! जुन्याच साड्या ना शेवटी?" पाहुणी म्हणाली.

आपण हिशोबच करू. गोधडी सात फूट लांब, पाच फूट रुंद. इंचाइंचावर धावदोऱ्याची ओळ, म्हणजे साठ ओळी. प्रत्येक ओळ चौऱ्याऐंशी इंचांची, इंचाला तीन टाके. झाले पंधरा हजार एकशेवीस टाके! तेही चार-पाच थरांतून सुई खालीवर करत. तासाला अडीचशे टाके पडले तरी साठ तास. आठ तासांचा दिवस धरला तर साडेसात दिवस. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं रोजगार हमी आणली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला. २०२४-२५ मध्ये या हमीच्या कामावर महाराष्ट्रात दिवसाला २९७ रुपये दर होता. त्या दरानं नुसती मजुरीच सव्वादोन हजारांच्या घरात जाते. म्हणजे मावशी मातीकाम करणाऱ्यापेक्षा कमी मागत होत्या आणि तरी त्या महाग!

यावर "अहो, त्यांचा तो छंद आहे, आवडीनं करतात," असं एक उत्तर मिळतं. माझ्या दाताच्या डॉक्टरांनाही त्यांचं काम फार आवडतं. त्यांनी बिलात आवडीची सूट दिल्याचं मला आठवत नाही. दुसरं उत्तर, "तेवढाच वेळ जातो बिचाऱ्यांचा." कुणाचा वेळ? २०१९ मध्ये सरकारनं देशभर वेळेची पाहणी केली. घरच्या बिनपगारी कामात बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ९७. त्यात हे ९७ म्हणजे जे पुरुष घरकाम करतात त्यांचे. पारावर बसणारे यात धरलेलेच नाहीत. पाच तास घरात राबून, वर रानातलं काम उरकून, दुपारी जी सुई हातात घेते तिचा वेळ 'जात' नसतो, ती तो कुठून तरी ओढून आणत असते. आणि हे शहरवाल्यांनाच सांगतोय असं नाही. आमच्या गावचे पुरुषही गोधडी आपोआप शिवली जाते अशाच समजुतीत ती डोक्यावरून ओढून घेतात.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं. ससा आणलात तर सांभाळा, नाहीतर आणू नका. गाव म्हणजे तुमच्या घरातल्या नकोशा जिवांचा उकिरडा नव्हे. वांगी घेतलीत तर मंडईचा भाव द्या. आणि गोधडीची किंमत विचारण्याआधी तास विचारा.

त्या पाहुणीनं शेवटी गोधडी सांगितलीच म्हणा. गाडीत बसता बसता तिनं विचारलं, "मावशी, कधीपर्यंत होईल?"

मावशी चष्मा पुसत म्हणाल्या, "आपोआप शिवली तर उद्याच न्या की. मी शिवायची म्हनली तर संक्रांत हुईल."