मिलिंग मशीन भंगारात घालण्याआधी

पुण्यात स्वारगेटच्या आसपास, पर्वती आणि गुलटेकडी इंडस्ट्रियल इस्टेटच्या गाळ्यांमध्ये, हाताने चालणारी मिलिंग मशिनं अजून कामावर आहेत. मोठ्या संख्येचं उत्पादन भोसरी-चाकणकडे गेलं. इकडे राहिलं ते एक-दोन नगांचं, फिक्श्चरचं, दुरुस्तीचं काम. त्यासाठी एचएमटीचं जुनं मशीन आजही भक्कम आहे. पण गिऱ्हाईक ‘सीएनसी आहे का?’ विचारतं, आणि मालक एकतर मशीन भंगारात देतो नाहीतर कर्ज काढून व्हीएमसी आणतो. गाळेमालकांनो, कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी आणखी एक वाट तपासून पाहा. टेबलाच्या एक्स आणि वाय या दोन अक्षांना मोटर आणि कंट्रोलर बसवा. झेड हातानेच राहू द्या.

याला जुगाड म्हणून कमी लेखू नका. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीने अंकीय नियंत्रणाचं पहिलं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं, तेही सिनसिनाटी कंपनीच्या तयार मशीनमध्ये फेरफार करूनच उभं राहिलं होतं.

फायदा कुठे होतो ते बघा. फ्लँजवर बारा भोकांचं पीसीडी पाडायचं आहे. आज मार्किंग, पंच, रोटरी टेबल, सेंटर काढणं यात वेळ जातो. दोन अक्षांवर टेबल स्वतः एकेका भोकाच्या जागी येऊन थांबतं आणि कारागीर क्विल खाली ओढतो. गोल पॉकेट, त्रिज्येचा कोपरा, कॅमचा आकार ही कामंही निघतात. दोन हॅण्डलं एकाच वेळी फिरवून ती कुणालाच नीट साधत नाहीत. मात्र एकच नग हजारोंनी काढायचा असेल तर व्हीएमसीच घ्या. तिथे हाताचा झेड परवडणार नाही.

आता कळकळीची गोष्ट. पैसा आधी लोखंडावर घाला, मोटरी नंतर. आधी टेबलाचा प्ले मोजा. मॅग्नेटिक स्टँड मशीनच्या स्थिर भागावर लावा आणि डायल गेजचं टोक टेबलाला टेकवा. हॅण्डल एका बाजूला फिरवत काटा हलू लागला की हॅण्डलची रिंग शून्यावर आणा. मग उलटं फिरवा. काटा परत हलेपर्यंत रिंग जेवढी सरकली, तेवढा प्ले. ही तपासणी टेबलाच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांना करा, कारण मशीन मध्यावर जास्त झिजतं. मध्यावर गिब आवळली की टेबल टोकाला अडकतं. तसं होत असेल तर स्क्रेपिंग करणारा जाणकार फिटर गाठा. त्याला पर्याय नाही.

हाताने काम करताना कारागीर प्ले सांभाळतो, नेहमी एकाच बाजूने मापावर येतो. वळणदार आकार कापताना कंट्रोलला ते जमत नाही. गोल कापताना प्रत्येक अक्ष दोनदा उलटतो, आणि त्या चार जागी जॉबवर पायरी उमटते, नखाला लागते इतकी. कंट्रोलरमध्ये प्लेचा आकडा भरून ती पुरती जात नाही, कारण मोटरने भरपाई केली तरी कटरचा जोर टेबलाला त्या फटीत ढकलतोच. म्हणून झिजलेला स्क्रू-नट काढून बॉलस्क्रू बसवणं उत्तम.

बॉलस्क्रूचा एक धोका मात्र कारागिराला बजावून ठेवा. जुना स्क्रू टेबलाला धरून ठेवतो, बॉलस्क्रू ठेवत नाही. मोटरचा करंट गेला की टेबल मोकळं सुटतं, आणि कटर चालू असेल तर जॉब आत ओढला जातो. म्हणून मोटर बंद ठेवून हाताने कट घेऊ नका. जो अक्ष हलवायचा नाही त्याचा लॉक आवळा. इमर्जन्सी स्टॉपने स्पिंडलही थांबलं पाहिजे, आणि तो कॉन्टॅक्टरला थेट जोडलेला हवा. ते काम सॉफ्टवेअरवर सोडू नका.

बुधवार पेठेतून साधी स्टेपर मोटर आणि ड्रायव्हर आणून शिकायला सुरुवात करा, चांगलंच आहे. पण साधी स्टेपर जास्त भाराने पावलं चुकली तर कंट्रोलला त्याचा पत्ता लागत नाही, आणि पुढचं सगळं माप सरकतं. गिऱ्हाइकाच्या जॉबसाठी फीडबॅक असलेली मोटरच घ्या, सर्व्हो किंवा क्लोज्ड-लूप स्टेपर.

आणि कृपा करून नव्या मशीनवर नवा पोरगा बसवून जुन्या कारागिराला बाजूला करू नका. कटर कसा आवाज करतो, कुठे फीड कमी करायचा, हे त्याच्या हाताला माहीत आहे. जी-शून्य ते जी-तीन हे चार कोड त्याला शिकवले की सरळ रेषेचं आणि गोलाईचं बहुतेक काम तो स्वतः लिहू लागेल. इंग्रजीचा धाक वाटत असेल तर ड्रॉइंगवरचेच आकडे घेऊन शेजारी बसा. शासकीय तंत्रनिकेतनच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना प्रोजेक्ट हवे असतात. त्यांना गाळ्यात बोलवा. वायरिंग आणि पॅरामीटर त्यांना येतात, लोखंड तुम्हाला येतं.

बाहेरच्या माणसाकडून काम करून घेत असाल तर कोटेशनमध्ये यांत्रिक दुरुस्ती, बॉलस्क्रू, मोटर-ड्रायव्हर आणि कंट्रोलर यांची रक्कम वेगवेगळी मागा. एकच ठोक आकडा स्वीकारू नका. मशीन ताब्यात घेताना त्याच्यासमोर एक गोल कापून अक्ष उलटतात त्या चारही जागी मोजा. वायरिंगची आकृती कागदावर आणि पॅरामीटरची प्रत पेनड्राइव्हवर हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.