काळोखाची ठेव

३ एप्रिल २०२०. टाळेबंदीमुळे धाराशिवचे रस्ते ओस होते. गच्चीवर नातवाने कॅमेरा लावला. शुक्र कृत्तिकांच्या पुंजक्यासमोरून चालला होता. शटर क्षणभर उघडले तर कृत्तिकांभोवतीचा निळसर तेजोमेघ उमटेना. जास्त वेळ उघडले तर शुक्राचा नुसता भगभगीत गोळा. शुक्राचा प्रकाश पाचेक मिनिटांपूर्वी निघालेला, कृत्तिकांचा सुमारे ४४० वर्षांपूर्वी, म्हणजे शिवजन्माच्याही आधी!

दर आठ वर्षांनी येणारा हा योग आता एप्रिल २०२८ मध्ये आहे. शुक्र तेव्हाही दिसेलच. तेजोमेघाला मात्र काळोख लागतो, आणि ती वाडवडिलांची ठेव आपण दिव्यांच्या झगमगाटात मोडत आहोत. दिवे जरूर असावेत. त्यांची तोंडे तेवढी जमिनीकडे वळवू या. नातवंडांसाठी एवढी शिल्लक राखायलाच हवी.