तासाभराचा डाव

छंदाचे साहित्य विकत घेणे सोपे. त्याला वेळ देणे अवघड. व्यापारी कुटुंबांतील वाचकांना हे वेगळे सांगायला नको. दुकान वाढवून घरी यावे तो रात्रीचे नऊ वाजलेले असतात आणि रविवारीही हिशेब पाठ सोडत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या हट्टाखातर मी छोट्या शिपायांच्या लढाईचा खेळ घरी आणला. टेबलावर बोटभर उंचीचे रंगवलेले सैनिक मांडायचे, पट्टीने अंतर मोजून ते पुढे न्यायचे आणि चकमकीचा निकाल फाशांनी लावायचा. इंग्लंडात हा छंद जुना आहे. कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात त्याचे घरगुती नियम मांडले. असा लुटुपुटीचा संग्राम खेळून पाहणाऱ्याला खऱ्या युद्धातील मूर्खपणा उमगेल, असे त्यांचे म्हणणे होते. युद्धाचा खेळ घरात कशाला, या आईच्या प्रश्नाला मी हेच उत्तर दिले.

बुद्धिबळाप्रमाणे या खेळाला एकच सर्वमान्य नियमावली नाही. निवड आपणच करायची. मी सर्वांत जाडजूड पुस्तक निवडले. सलग तीन रविवार डाव अर्धाच राहिला, जेवणासाठी टेबल रिकामे करावे लागले. चौथ्या रविवारी पुतण्याने विचारलेच नाही.

ही चूक जुनीच आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये राइसवित्स या अधिकाऱ्याचा सरावाचा खेळ रूढ झाला. त्यातील तक्ते आणि आकडेमोड जड वाटू लागली, तेव्हा १८७६ मध्ये फॉन व्हेर्दी या सेनानीने निकाल अनुभवी पंचावर सोपवण्याचा मार्ग सुचवला. युद्ध हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनाही नियमांचा भार सोसला नाही!

थोडक्या वेळासाठी दोन पर्याय सांगतो. १९९० चे ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ प्राचीन व मध्ययुगीन लढायांचे आहे. प्रत्येक बाजूला फक्त बारा तुकड्या असतात आणि त्यांपैकी किती हलवता येतील हे दर खेपेस फासा ठरवतो. सगळीकडे एकाच वेळी लक्ष पुरत नाही, हा सेनापतीचा अनुभव त्यातून मिळतो. मात्र त्याची भाषा फार आटोपशीर असल्याने पहिल्या वाचनात अडखळायला होते. नील थॉमस यांचे २०१४ चे ‘वन-अवर वॉरगेम्स’ त्याहून सुटसुटीत आहे. बाजूला सहा तुकड्या, तीन फूट चौरस पट आणि पंधरा फेऱ्यांत खेळ समाप्त. निरनिराळ्या कालखंडांसाठी नऊ नियमसंच व मांडणीचे तीस प्रसंग त्यात आहेत. शस्त्रास्त्रांच्या बारीकसारीक तपशिलाची आवड असणाऱ्यांना मात्र ते अळणी वाटेल.

म्हणून घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. डाव एका बैठकीत संपेल का? आपल्याला तपशिलात रस आहे की निर्णय घेण्यात? आणि समोर कोण बसणार आहे? शिपायांवर पैसे घालण्याआधी पुठ्ठ्याचे चौकोन कापून एक डाव खेळून पाहावा. नमुना न पाहता आपण माल उचलत नाही. इथेही तोच शिरस्ता ठेवावा.

आम्ही पुठ्ठ्यावरच पुन्हा सुरुवात केली. पहिला डाव जेवणाआधी संपला आणि मी हरलो. ‘काका, पुढच्या रविवारी परत ना?’ असे पुतण्याने विचारले, तेव्हा निवड योग्य झाल्याची खात्री पटली.